‘मोकळी जमीन’ म्हणजे किती जमीन?

गिरणगाव कशामुळे संपले, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगाव संपले, असे आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर पुन्हा विचार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, अनेक गिरण्यांचे भोंगे त्यानंतर पुन्हा पूर्ववत वाजले नाहीत आणि हजारो घरांची चूल विझली, हे कोणी नाकारू शकत नाही. परंतु गिरण्या बंद पडणे ही एक घटना आहे आणि गिरण्यांभोवतीची वस्ती तिथे राहण्याजोगी न उरणे ही दुसरी. या दोन घटना एकच मानल्या की दोष संपाकडे आणि इतिहासाकडे जातो आणि ज्यांनी निर्णय घेतले ते नामानिराळे राहतात. माझे म्हणणे असे आहे की गिरणगावाचे आजचे रूप संपाने ठरवलेले नाही. ते संपानंतर जवळजवळ दोन दशकांनी, जमिनीच्या वापराच्या नियमात केलेल्या एका दुरुस्तीने ठरवले आणि त्या दुरुस्तीचे परिणाम पुढच्या कित्येक पिढ्या भोगणार आहेत.

हे नीट समजण्यासाठी गिरणगाव म्हणजे काय होते हे आधी पाहावे लागते, कारण ‘जुनी, मोडकळीस आलेली औद्योगिक वस्ती’ या वर्णनात त्याचे मर्म येत नाही. १८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, प्रभादेवी हा सारा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला माणूस आपल्या गावच्या मंडळींनी भाड्याने घेतलेल्या खोलीत उतरत असे. एकाच खोलीत वीस-वीस माणसांचे सामान असे, पण सगळी माणसे एकाच वेळी खोलीत नसत. पहिल्या पाळीचा माणूस अंथरूण गुंडाळून बाहेर पडला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागी अंग टाकत असे. जेवण जवळच्या खाणावळीत, म्हणजे बहुधा एखाद्या कामगाराच्याच बायकोच्या हातचे, आणि त्याचे पैसे पगाराच्या दिवशी. खाणावळवाली उधारीवर वाढत होती, कारण जेवणारा कोणत्या खात्यात कामाला आहे, कोणत्या गावचा आहे आणि त्याचा मुकादम कोण हे तिला माहीत होते. ही सारी व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे अंतर. भोंगा ऐकून घरातून निघालेला माणूस चालत वेळेवर खात्यात पोहोचत होता. गिरणी, खोली, खाणावळ, बाजार, व्यायामशाळा आणि भजनी मंडळ या सगळ्या गोष्टी चालत जाण्याच्या टप्प्यात असल्यामुळेच तुटपुंज्या पगारात माणूस मुंबईत टिकला आणि वर गावाकडे मनिऑर्डरही करू शकला.

जागेचे हे महत्त्व त्या वस्तीला स्वतःला नेमके कळत होते. लालबागच्या ज्या गणपतीसमोर आज अवघी मुंबई रांगा लावते, त्याचा उगमही जागेच्याच प्रश्नात आहे. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि उघड्यावर बसावे लागलेल्या कोळी व इतर विक्रेत्यांनी कायमच्या बाजारासाठी नवस केला. जागा मिळाल्यावर १९३४ साली त्यांनी गणपती बसवला. देवाकडे मागितले काय, तर बसायला हक्काची जागा. मला हा प्रसंग गिरणगावाच्या इतिहासातील फार बोलका प्रसंग वाटतो.

या वस्तीचे ‘नूतनीकरण’ करण्याचा प्रयत्न सरकारने पूर्वीही केलेला होता आणि त्याचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे आणि हवेशीर चाळी बांधायच्या, हा त्याचा कार्यक्रम होता. परळच्या ज्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली, ती याच मंडळाची. पण मंडळाने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत आणि घर गेलेली पुष्कळ माणसे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने राहू लागली. पुढे १९२० साली सरकारने विकास खाते (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी) काढले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात सोळा-साडेसोळा हजार खोल्यांवर काम थांबले. त्याच या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी. चाळी बांधून तयार झाल्या, तरी सुरुवातीच्या काळात त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. घरांची गरज होती, पण भाडे कामगाराच्या खिशाला झेपणारे नव्हते. खोली किती मोठी आणि किती हवेशीर याचा हिशोब झाला होता, ती दरमहा कोणाला परवडेल याचा नीट झाला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीची ही चूक पुढे पुन्हा आठवावी लागणार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या मध्यावर, दोन रेल्वेमार्गांच्या आसपास, सुमारे सहाशे एकर जमीन एकाच वेळी नव्या वापरासाठी मोकळी होणार होती. अशी संधी कोणत्याही मोठ्या शहराच्या वाट्याला शतकातून एकदा आली तर येते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीची वाटणी ठरवली. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला उद्याने, मैदाने व सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली एक तृतीयांश मालकाला विकसित करण्यासाठी. गिरणीच्या आकारानुसार टक्केवारी थोडी कमी-जास्त होती, पण तत्त्व स्पष्ट होते. यांतील पुष्कळशा जमिनी मुळात उद्योगासाठी, रोजगारासाठी म्हणून दिल्या वा घेतल्या गेल्या होत्या. तो उद्योग बंद झाल्यावर त्या जमिनीच्या वाढलेल्या मोलात शहराचा आणि कामगाराचा वाटा असला पाहिजे, हे तत्त्व त्या नियमात होते.

मार्च २००१ मध्ये हा नियम बदलला. तृतीयांशांची वाटणी कायम ठेवली गेली, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला फारसे काही बदलले आहे असे वाटले नाही. बदल एवढाच झाला, की वाटणी आता संपूर्ण जमिनीची न होता गिरणीच्या आवारातील ‘मोकळ्या जमिनीची’ होणार होती. ज्यांनी गिरणी आतून पाहिली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. गिरणीचे आवार म्हणजे एकमेकांना चिकटलेली खात्यांची लांबलचक छपरे, गोदामे, बॉयलर, चिमणी, कचेरी, पाण्याचा तलाव. मोकळी म्हणावी अशी जागा फाटकापासून खात्यापर्यंतच्या वाटेची आणि कोपऱ्यातल्या अंगणाची. समजा एखादी गिरणी दहा एकरांची आहे आणि त्यांतील आठ एकरांवर बांधकाम आहे. मूळ नियमाने शहराला आणि म्हाडाला मिळून साडेसहा एकरांहून अधिक जमीन मिळाली असती. दुरुस्तीनंतर केवळ दोन एकरांची वाटणी होऊन हा वाटा सव्वा-दीड एकरांवर येतो. उरलेले आठ एकर, त्यावरील छपरे पाडून जमीन सपाट केल्यानंतरही, मालकाचेच राहतात.

या एका शब्दाच्या अर्थावर पुढे न्यायालयात लढाई झाली. छपरे पाडल्यावर जी जमीन मोकळी होते तीही ‘मोकळी जमीन’च, असा अर्थ ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लावला. तो अर्थ टिकला असता तर गिरणगावाचा नकाशा आज वेगळा दिसला असता. पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारची बाजू ग्राह्य धरली आणि प्रश्न कायद्यापुरता मिटला. न्यायालयाने नियमाचा अर्थ सांगितला. तो नियम तसा लिहिण्याची जबाबदारी मात्र शासनाचीच होती आणि आहे.

दुरुस्तीच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो तो मी हलका मानत नाही. दोन तृतीयांश जमीन सोडावी लागणार म्हणून मालक पुढेच येत नव्हते, दहा वर्षे जमिनी पडून राहिल्या, कामगारांची देणी थकली, आणि काही सवलत दिल्याशिवाय कोंडी फुटली नसती, असे सांगितले जाते. देणी थकली होती आणि थकलेल्या देण्यांपायी माणसे उद्ध्वस्त होत होती, हे खरेच आहे. पण मुंबईतील अठ्ठावन्न गिरण्यांपैकी पंचवीस गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच ताब्यात होत्या. तिथे कोणत्या मालकाची मनधरणी करायची होती? या पंचवीस गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा करण्यासाठी १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली होती. प्रत्येक गिरणीचा तुकडा सुटासुटा न पाहता सगळी जमीन एकत्र धरावी, म्हणजे सलग उद्याने, रुंद रस्ते आणि स्थानकांभोवती मोकळ्या जागा मिळतील, हा त्या विचाराचा गाभा होता. तो आराखडा बाजूला पडला आणि २००५ साली त्यांतील पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने सुमारे दोन हजार कोटी रुपयांना विकल्या गेल्या. पैसा आला, देणी फिटली, हे नोंदवलेच पाहिजे. पण देणी एकदाच फिटतात. गेलेली जमीन शहराला कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

याचे परिणाम पाहायचे असतील तर कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता परळ किंवा प्रभादेवी स्थानकाबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. गिरण्या चालू असताना इथला कामगार चालत कामावर जात होता, त्यामुळे या स्थानकांचे जिने, पूल आणि फलाट लहान असूनही निभावून जात होते. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि त्यांत काम करणारी माणसे विरार, डोंबिवली, पनवेल इथून येऊ लागली. म्हणजे वस्तीच्या नूतनीकरणाने माणसांच्या येण्या-जाण्याची सारी दिशाच पालटली, पण स्थानकाभोवती माणसाला पाऊल टेकवायला जागा वाढली नाही, कारण जी जमीन त्यासाठी मिळाली असती ती ‘मोकळी’ या शब्दात निसटून गेली होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पाऊस आला म्हणून लोक अरुंद पादचारी पुलावर थांबून राहिले आणि त्या एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकावरील चेंगराचेंगरीत २३ माणसे मरण पावली. अपघातांची तात्कालिक कारणे अनेक असतात आणि त्या पुलाचे काम वर्षानुवर्षे रखडवण्याचा दोष वेगळा आहेच. तरीही इतकी गर्दी तिथे का आणि कधीपासून आली, याचे उत्तर जमिनीच्या वापरातच सापडते. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना मध्यरात्री आग लागून १४ जणांचा बळी गेला. कापड विणण्यासाठी बांधलेल्या आवारात गच्च्यांवर छपरे घालून खानपान आणि करमणुकीची ठिकाणे उभी राहतात आणि बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या पडतात, हेही त्याच तुकड्यातुकड्याने झालेल्या बदलाचे फळ आहे.

रोजगाराबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. गिरणगावात आज संपापूर्वीपेक्षा नोकऱ्या कमी आहेत असे म्हणता येणार नाही. मनोऱ्यांत हजारो माणसे कामाला येतात. परंतु गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला सातवी नापास मुलगा काही वर्षांनी कायम होऊ शकत होता. त्याला भविष्यनिर्वाह निधी होता, युनियन होती, आणि साच्यावरचे त्याचे कसब त्याच्या मुकादमालाही मान्य करावे लागत होते. त्याच्या नातवाला त्याच जमिनीवर आज जे काम सहज मिळते ते पहाऱ्याचे, साफसफाईचे किंवा दुचाकीवरून जेवण पोहोचवण्याचे, आणि तेही बहुधा कंत्राटी. शिकलेली मुले यातून वर गेली, हे आनंदाने मान्य करावे. पण वर जाण्याच्या पायऱ्यांपैकी खालच्या दोन-तीन पायऱ्याच काढून घेतल्या गेल्या आहेत, हेही तितकेच खरे आहे.

आणि घरे? गिरणी कामगारांना घरे देण्याचे आश्वासन पुढे नियमात आले आणि त्यासाठीची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. त्यांच्यापुढे म्हाडाकडे आलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर बांधता आलेली घरे अगदीच थोडी. दहा अर्जदारांमागे एकालाही घर मिळत नाही, असे हे प्रमाण आहे. आता उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणीचे पर्याय पुढे केले जातात. बदलापूरच्याही पलीकडची ही स्थानके. ज्याचे आयुष्य भोंग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गेले, त्या सत्तरी ओलांडलेल्या कामगाराला, किंवा त्याच्या मागे राहिलेल्या विधवेला, आपण सांगतो आहोत की तुझे घर दीड-दोन तासांच्या लोकल प्रवासापलीकडे आहे. आणि तिच्या मुलाला कामासाठी पुन्हा त्याच परळच्या फलाटावर उतरायचे आहे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या वृद्ध कामगारांची मुंबईतच घर देण्याची मागणी हट्टाची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मूळ नियमातील म्हाडाचा तृतीयांश वाटा आठवावा. तो वाटा मुंबईतच होता.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. चाळीबद्दल हळवे होऊन लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, आणि त्यांत बहुसंख्य पुरुष आहेत. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. त्यात मोरी, स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, बाळंतपण आणि झोप. शौचालये मजल्याच्या टोकाला, सामाईक. पहाटेच्या रांगेत पोटावर हात धरून उभी राहिलेली गरोदर बाई, रात्री जाग्या झालेल्या मुलीसोबत गॅलरीच्या टोकापर्यंत जाणारी आई, नळाचे पाणी जाईल म्हणून झोप अर्धवट सोडणारी सून, यांना विचारले तर चाळीच्या उघड्या दारांचे आणि शेजारधर्माचे कौतुक त्या करतील, पण परत जायचे का म्हटल्यावर बहुतेक जणी नाहीच म्हणतील. म्हणून मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची दिशा तर मला पुष्कळ अंशी योग्य वाटते. तो खासगी विकासकाच्या मर्जीवर न सोडता म्हाडाकडे दिला गेला, पात्र कुटुंबाला त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर मोफत देण्याचे ठरले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. जमीन सार्वजनिक हातात राहिली की काय करता येते याचा हा पुरावा आहे. जे वरळीत शक्य झाले ते गिरण्यांच्या आवारांत अशक्य होते, असे आता कोणी म्हणू नये.

वस्तीचे सांस्कृतिक जीवन हा शेवटी सुचणारा, म्हणून सगळ्यांत आधी बळी जाणारा विषय. परळच्या सोशल सर्व्हिस लीगच्या दामोदर नाट्यगृहात १९२२ पासून कामगार रंगभूमी, नमन, दशावतार, हौशी मंडळांची नाटके झाली. भाडे परवडत होते आणि प्रेक्षक चालत येत होते. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी विचारलेला प्रश्न नव्या नाट्यगृहाच्या आसनसंख्येपुरता नव्हता. नव्या इमारतीत नाट्यगृह किती काळाने येणार आणि तोवर मंडळे कुठे जाणार, हे त्यांना लेखी हवे होते. ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, याचा मुंबईकर म्हणून अभिमान वाटतोच. पण ज्या कष्टांवर त्या शहराची श्रीमंती उभी राहिली त्या कष्टांच्या खुणा म्हणून आपल्याकडे चार-दोन चिमण्या आणि काळाचौकीच्या एका गिरणीच्या आवारातील वर्षानुवर्षे रेंगाळलेले वस्त्रोद्योग संग्रहालय, एवढेच उरावे, हे मनाला लागते.

गेलेली जमीन परत येणार नाही, पण सगळेच निर्णय होऊन गेलेले नाहीत. महामंडळाच्या ताब्यातील उरलेली गिरण्यांची जमीन, गिरण्यांच्या आवारांतील जुन्या चाळी, जवळच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती, यांचे भवितव्य येत्या काही वर्षांत ठरायचे आहे. त्या प्रत्येक ठिकाणी वाटणीचा हिशोब संपूर्ण जमिनीवर व्हावा, उरलेल्या सरकारी जमिनीपैकी कामगारांच्या घरांसाठीचा वाटा आधी वेगळा काढावा आणि स्थानकालगतचा एकही तुकडा लिलावात घालू नये, असे मला वाटते. आणि सर्वांत निकडीचा मुद्दा देखभालखर्चाचा आहे. बीडीडीच्या नव्या इमारतींची पहिली बारा वर्षे देखभाल म्हाडा करणार आहे. ही सवलत चांगली आहे, पण बारा वर्षे म्हणजे २०३७ साल. तोपर्यंत उद्वाहने जुनी झालेली असतील, पंप बदलायला आलेले असतील, बाहेरून रंग काढावा लागेल, आणि पोलीस, सफाई कामगार, गिरणी कामगार यांची निवृत्त पिढी त्या मनोऱ्यांत राहत असेल. चाळीत महिन्याचे भाडे नाममात्र होते. उंच इमारतीत देखभालीची रक्कम काही हजारांत जाते. ती झेपली नाही की घर विकून बदलापूर गाठणे हाच मार्ग उरतो, आणि मग कोणी हुसकावलेले नसतानाही वस्ती रिकामी होते. १९२० च्या दशकात परवडत नाहीत म्हणून याच चाळींच्या खोल्या ओस पडल्या होत्या. म्हणून याच पुनर्विकासात खुल्या बाजारात विकण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या इमारतींतून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक भाग कायमस्वरूपी देखभाल निधी म्हणून आत्ताच, विक्री पूर्ण होण्याआधी, प्रत्येक सोसायटीच्या नावे बाजूला ठेवला पाहिजे. त्याच्या व्याजातून उद्वाहन, पाणी आणि जिन्यातले दिवे चालतील, आणि वरळीच्या विसाव्या-तिसाव्या मजल्यावरच्या निवृत्त माणसाला पहिल्या तारखेला आलेले बिल बघून गावाकडच्या भावाला फोन करावा लागणार नाही.